हिरवं खाली बसेना

बुधवार, ११ मार्च

शॅनन भिंगातून बाळं मोजत असते तेव्हा मी मध्येच काही बोलले की तिची मोजणी चुकते. आज पुन्हा चुकली तेव्हा तिने केमिस्टवाल्याने दिलेली ही डायरी माझ्यापुढे टाकली आणि म्हणाली, "आजी, जे बोलायचंय ते ह्यात बोल." मी म्हटलं, अगं मी चौथीपर्यंत शिकलेली, त्यात दुसरी दोनदा. तर म्हणते, "वाचणार कोण आहे?" म्हणून लिहिते.

तर मी लुर्दस. बाळकुमला आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना टॉवर झाले, चौथ्या बाजूला आमचं अंगण. मिस्टर गेले, व्हॅलेंटाईन, त्याला वर्षं झाली. मुलगा बॉस्को माजिवड्याला फ्लॅटमध्ये राहतो. त्याची ही मुलगी शॅनन. रत्नागिरीला मासळीचं कॉलेज शिकली आणि परत आली ती आईबापाकडे नाही, माझ्याकडे. मी किती खूश आहे हे लिहायला मला शब्द कमी पडतील, चौथी शिकलेली ना. घरात दुसरं माणूस खोकलं तरी मला बरं वाटतं.

आणि खरी गोष्ट म्हणजे मी पणजी झालेली आहे. हसू नका. शॅननने पडवीत टबांमध्ये कालवांची पिल्लं जन्माला घातली आहेत. आईबाप कालवं गुणाजीने दिली, बाजूच्या आळीतला, पूर्वी खाडीत जायचा, आता टेम्पो चालवतो. त्याच्या बहिणीच्या गावी केळव्याला खाडी अजून स्वच्छ आहे. पिल्लं नखाएवढी झाली की तिकडे दोरीला टांगायची. आमच्या खाडीतली कालवं तर गेलीच. लहानपणी मी सुरीने फोडून तिथेच खडकावर उभी राहून खायची. ती चव अजून जिभेवर आहे.

सध्या पिल्लं खसखशीएवढी आहेत. मी त्यांना बाळं म्हणते. आधी शॅनन हसायची, आता तीही म्हणते.

रविवार, १५ मार्च

बाळांचं खाणं म्हणजे हिरवं पाणी. अंगणात हौद आहे, मिस्टर त्यात जाळी धुवायचे. त्यात केळव्याचं खारं पाणी भरून शॅननने हिरवं वाढवलंय. मी विचारलं, शेवाळ का? तर म्हणाली, शेवाळच, पण इतकं बारीक की एकेक कण डोळ्याला दिसत नाही, आणि समुद्राचं. हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत एवढं दाट झालंय. मी ते बघत बसते. पुदिन्याची चटणी पातळ केली की असा रंग येतो.

टबांमध्ये हवेच्या नळ्या सोडल्यात, दिवसरात्र बुडबुड चालू. आधी मला झोप लागत नव्हती. आता बुडबुड ऐकूनच लागते.

गुरुवार, १९ मार्च

आज वाईट दिवस. शॅननने हौदातलं पाणी भिंगाखाली घेतलं आणि तशीच बसून राहिली. मला दाखवलं. हिरव्या ठिपक्यांमध्ये पारदर्शक काहीतरी वळवळत होतं, आणि एकेक ठिपका गिळत होतं. "किडे शिरलेत आजी. हे हौद रिकामा करतील."

मी म्हटलं, मग आत्ताच सगळं बाळांना पाजून टाक. तर नाही. किडे पण टबात जातील, आणि बाळं एका वेळेला किती पिणार? हिरवं पाण्यातून वेगळं काढायचं, धुवायचं, दाट करून फ्रिजमध्ये ठेवायचं. मग नवीन हिरवं तयार होईपर्यंत बाळं त्यावर जगतील. नवीन अजून बाटलीत आहे, बाटलीतून हौदात यायला अर्धा एप्रिल जाईल.

गाळून घे की, मी म्हटलं. माझ्याकडे मलमलचं आहे, बॉस्कोच्या झबल्याचं. तिने गाळून दाखवलं. वर हिरवं, खाली पण तेवढंच हिरवं. कापडावर काही म्हणजे काही राहिलं नाही.

शनिवार, २१ मार्च

कल्याणला जाऊन आलो. शॅननच्या ओळखीच्या एका कॉलेजात गरगर फिरवून कण बाजूला काढायचं मशीन आहे. गुणाजीच्या टेम्पोत कॅन भरून नेले, मी पुढे बसले. दुर्गाडीच्या पुलावर ट्रॅफिक, गुणाजी शिव्या द्यायला लागला की मला बघून गिळायचा. मी म्हटलं, दे रे बाबा, मला काही नवीन नाहीत.

कॉलेजात मशीनवर चादर घातलेली. मोटर जळालेली, दिवाळीपासून. तिथल्या मॅडम चांगल्या होत्या, चहा दिला. शॅननने चहाला हात लावला नाही. मी तिचाही प्यायले, टाकायचा कशाला.

परत येताना ती खिडकीबाहेर बघत होती. "आजी, एवढासा कण आहे, आणि तो खाली बसत नाही." मी म्हटलं, सगळं खाली बसतं बाय, वेळ दिला की. ती म्हणाली, वेळच तर नाही.

रविवार, २२ मार्च

मी सकाळी चर्चहून येताना तुरटी घेऊन आले. गढूळ पाण्यात फिरवली की गाळ बसतो, हे कोणाला माहीत नाही? अभिमानाने तिच्या हातात दिली. तिने माझ्या गालाचा पापा घेतला आणि तुरटी खिडकीत ठेवली. "बसेल आजी, मस्त बसेल. पण ती हिरव्याला चिकटते. मग बाळांच्या पोटात तुरटी." मी म्हटलं, जिझस, मग नको. बॉस्को त्या तुरटीने दाढी करेल.

मग तिने मला समजावलं. ह्या कणांचं आपसात भांडण असतं, सगळ्यांवर एकसारखा करंट, म्हणून एकमेकांना ढकलतात. त्यांचं भांडण मिटवणारं काहीतरी घातलं की ते एकत्र येतात, पुंजके होतात, पुंजका जड झाला की खाली बसतो. फाटलेल्या दुधासारखं. मी म्हटलं, म्हणजे सोयरीक जुळवायची. "हो, पण बाळांना बाधणार नाही असा मध्यस्थ पाहिजे."

मंगळवार, २४ मार्च

मध्यस्थ सापडला असं वाटलं. कोळंबीच्या सालांपासून केलेली पावडर! मी एवढी हसले. आयुष्यभर सालं मांजरांना टाकली. ही पावडर व्हिनेगरमध्ये विरघळते, तर माझं ताडीचं व्हिनेगर दिलं, सोरपोतेलच्या मटणाला ठेवलेलं. घातलं, ढवळलं, थांबलो.

काही नाही.

पुन्हा घातलं. काही नाही. शॅनन म्हणाली, गोड्या पाण्यात चालतं, खाऱ्यात मीठ त्याचा जोर खातं, मला माहीत होतं, तरी वाटलं. "तरी वाटलं" हे ती दोन-तीन वेळा बोलली. पुस्तक शिकलेल्या माणसालाही तरी वाटतं, हे ऐकून मला तिची इतकी माया आली.

शुक्रवार, २७ मार्च

झालं! बादलीत झालं! शॅननने कॉस्टिक सोडा घातला, हातमोजे घालून, मला पायरीच्या वर उभं करून. म्हणाली, समुद्राच्या पाण्यात मुळातच एक क्षार असतो, सोडा घातला की तोच बाहेर येतो पांढरा पांढरा, आणि खाली जाताना हिरव्याला मिठीत घेऊन जातो. म्हणजे मध्यस्थ पाण्यातच होता, त्याला नुसतं उठवायचं होतं. किडेही मरतात त्यात. नंतर लिंबाचं सत घातलं की क्षार पुन्हा विरघळतो, बाळांना त्रास नाही.

खरंच बादलीत आधी बर्फी फुटल्यासारखे दाणे आले, मग दाण्यांचे गोळे, मग सगळं सावकाश खाली. वर पाणी काचेसारखं. मी टाळ्या वाजवल्या. शॅननने लगेच गुणाजीला फोन केला.

रविवार, २९ मार्च, झावळ्यांचा रविवार

बॉस्को आलेला. बादलीबादलीने महिना जाईल आणि अख्खा हौद हाताने ढवळणार कोण, म्हणून त्याने जुन्या वॉशिंग मशीनची मोटर आणि पंख्याचं पातं जोडून फिरकी केली. तो तसा हुशार आहे, फक्त तोंड बापाचं.

सोडा घातला. दाणे आले. गोळे आले. आणि फिरकीने त्यांचा पुन्हा चुरा केला. बंद करावी तर काठावरचा सोडा मिसळत नाही, चालू ठेवावी तर गोळे फुटतात, असं काहीतरी शॅननचं चाललेलं. शेवटी सगळं दुधी हिरवं तरंगत राहिलं. तिने लिंबाचं सत घालून पाणी पुन्हा पहिल्यासारखं केलं. बरेच किडे मेले, सगळे नाही.

बॉस्को म्हणाला, "शॅनन, बहारीनचे लोक किती थांबतील? ऑफर लेटर आहे हातात."

"डॅडी, बाळं उपाशी आहेत."

"खसखस आहे ती! खसखस!"

मी म्हटलं, बॉस्को, तूही एवढासाच होतास, सातव्या महिन्यात झालेला, कापसात ठेवलेला, ड्रॉपरने दूध पाजलेलं. तेव्हा तुझे वडील पण म्हणालेले की हे काही जगत नाही. तर तो उठला. झावळीचा क्रॉस करून फिरकीला लावून गेला. आहे मऊ आतून.

बुधवार, १ एप्रिल

हौदात हात घातला तर बोटं दिसतात.

बाळांना आता बादलीत बसवलेल्या हिरव्यातलं अर्धंच खाणं मिळतं. शॅनन भिंगातून बघते आणि म्हणते, पोटं रिकामी आहेत. शिंपला इतका पातळ की पोटातलं दिसतं म्हणे. मी बघायला नको म्हटलं. उपाशी पोट बघायचं कशाला.

गरमी फार. शॅनन दिवसातून तीन-तीन वेळा बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसते. बाहेर येते तेव्हा केस मात्र कोरडे. मी म्हटलं, डोक्यावरून घे गं, डोळे बघ किती लाल झालेत उन्हाने. तर म्हणाली, हो आजी, उद्या घेते.

जेवत नाही. मी बोंबलाचं कालवण केलं, ताटात तसंच राहिलं. मी सेंट अँथनीला सांगितलं, हरवलेलं तू शोधून देतोस, हे तर हरवलेलंही नाही, समोर हौदात आहे. नुसतं खाली बसव.

शुक्रवार, ३ एप्रिल, गुड फ्रायडे

आज मला इतका आनंद झालाय की उपास असून पोट भरलंय. नीट लिहिते.

बॉस्कोने फिरकीला पंख्याचं रेग्युलेटर लावून दिलं, आता ती हळू फिरते. हौदात हिरवं जेमतेम उरलेलं, शॅनन म्हणाली, हा शेवटचा चान्स. दुपारी जेवणाच्या वेळेला सोडा घातला. हिरवं धुवायला स्वच्छ खारं पाणी पाहिजे, ते संपलेलं, म्हणून ती गुणाजीबरोबर केळव्याला निघाली. "आजी, फिरकी हळूच आहे, चालू दे. मी संध्याकाळी येते." मी म्हटलं, जा तू, मी आहे.

फिरकी घुंई घुंई करत होती. आता गुड फ्रायडेला तीन वाजता आमच्या घरात आवाज चालत नाही. माझ्या सासूच्या काळापासून. झाडू नाही, पाटा नाही, खिळा तर नाहीच नाही. मिस्टर तर घड्याळाचा लोलक हाताने धरून थांबवायचे. देव त्या घटकेला मेला, त्याला तेवढी शांतता द्यायची. चर्चमध्ये सुद्धा आज घंटा नसते, लाकडी खटखटं वाजवतात. आणि माझ्या अंगणात मोटर? मला राहवेना. हौदाला काय, थोडा आराम. मी माझ्या खोलीतला पंखा बंद केला आणि पडवीत जाऊन बोर्डाचं मोठं लाल बटण खाली केलं.

काय शांतता झाली म्हणून सांगू! फिरकी थांबली, बुडबुडही थांबली. एक बुडबुडा नाही. बाळंसुद्धा जणू प्रार्थनेला बसली. मी गुडघे टेकून त्यांच्यासाठी एक मोठी प्रार्थना म्हटली आणि चर्चला गेले.

चर्चमध्ये वेळ झाला. क्रॉसला ओठ लावायला ही रांग. नंतर वाटेत शेजारची शेवंती भेटली, तिच्या सुनेचं बाळंतपण, मग बोलत बोलत आलो. तीन वाजून गेलेले पण बटण परत लावायचं मी विसरले, दिवसच तसा, शांत. घरी येऊन हौदात बघते तर काय!

पाणी काच. वरपासून खालपर्यंत काच. आणि तळाला हिरवी गोधडी अंथरलेली. मी एकटीच ओरडले, गुड फ्रायडे असून ओरडले, देव माफ करेल.

शॅनन दिवेलागणीला आली. हौद बघून तिथेच खाली बसली. हसत होती, रडत होती. "आजी, कसं झालं? गोळे फुटले नाहीत?" मी म्हटलं, मी बंद केलं ना, तीन वाजले तेव्हा, सगळं एका बटणाने.

"सगळं?"

"सगळं. टाचणी पडली तर ऐकू येईल असं."

ती उठली. मग धावत पडवीत गेली. बोर्डाचा टक् आवाज आला, बुडबुड सुरू झाली. मी मागे गेले तर तिने दार लोटलेलं. गुणाजी कॅन उतरवत होता, तो पडवीत डोकावून बाहेर आला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही हा बोर्ड..."

"गुणाजीकाका," आतून शॅनन ओरडली, "कॅन उन्हात ठेवू नका." आता ऊन कुठे होतं? थकलीय पोर.

मग ती बाहेर आली. माझे दोन्ही हात धरले. हात थंडगार होते. म्हणाली, "आजी, हिरवं तुझ्यामुळे बसलं. ढवळणं थांबवायला हवं होतं, ते मला कळलं नव्हतं. तुझ्यामुळे."

माझ्यामुळे!

शनिवार, ४ एप्रिल

बाळं गेली.

शॅनन म्हणते, गरमीनं. सकाळपासून एकेक टब गाळते आहे. कापडावर पांढरी कणी राहते, रव्यासारखी. मी हातात घेतली तर वजनच नाही. शॅनन म्हणाली, आजी, टाक ते. मी टाकलं नाही, तुळशीत घातलं. आमच्याकडे तुळस कशी असं विचाराल, तर शेवंतीने दिलेली, खोकल्याला.

फ्रिजमध्ये बरण्या भरून दाट हिरवं आहे आणि खायला कोणी नाही. दार उघडलं की ते दिसतं. मी दुधाची पिशवी बाहेरच ठेवली, नासली तर नासू दे.

एक ट्रे मात्र वाचलाय. त्यात शॅननने वाढ न झालेली ठेवलेली, आम्ही त्यांना ढ वर्ग म्हणायचो. पसरट ट्रे, बोटभर पाणी, हवेची नळीसुद्धा नव्हती त्याला, नळ्या पुरल्या नाहीत म्हणून. ती सगळी ढ बाळं ठणठणीत. मी गुणाजीला विचारलं, ज्यांना हवा दिली ती गेली आणि ज्यांना दिलीच नाही ती जगली, हा काय न्याय? तो मान खाली घालून बोलला, "उथळ पाण्याला वरूनच वारा लागतो मावशी. खोल टबाला नळी लागते." आणि विडी पेटवायला गेला.

गरमी तर ट्रेलाही होती.

रविवार, ५ एप्रिल, ईस्टर

बॉस्को सगळ्यांना घेऊन आला. मी फुगियास तळले, आमचे गोल फुगीर पाव, कोणी नीट खाल्ले नाहीत. पडवीत रिकामे टब बघून तो म्हणाला, "असे सगळे एकदम कसे गेले? पंप बंद होता का?"

शॅनन म्हणाली, "हो. केळव्याला जाताना माझ्याकडून बंद झाला."

"तुझ्याकडून? एवढं शिकून? शॅनन, लोक ह्याला काय म्हणतात माहितीये?"

"माहितीये डॅडी. माझीच चूक."

तो बोलत राहिला, ती ऐकत राहिली. मी ताटं उचलत होते. माझ्या मनात आलं, पण ती गेली तेव्हा बुडबुड चालू होती. ती गेल्यावर मी आजच्या फुगियाससाठी पीठ काढत होते तेव्हाही चालू होती. मी गुडघे टेकले तेव्हा नव्हती.

लाल बटण फिरकीचं असणार. पंपाचं वेगळं असेल. ते एकदा बघायला पाहिजे. आज सण आहे, घरात माणसं आहेत. उद्या बघते.

सोमवार, ६ एप्रिल

सकाळी शॅनन अंगणात असताना पडवीत गेले. चष्मा लावला. फिरकीची वायर काळी, ती बोर्डात जाते. पंपाची वायर पांढरी. ती मी बोटाने धरून टबांपासून भिंतीवर, भिंतीवरून खिळ्यावर, खिळ्यावरून खाली अशी आणली. बोट बोर्डावर येऊन थांबलं. एकच बोर्ड. एकच लाल बटण.

 मी प्रार्थना म्हणत होते तेव्हा बाळं माझ्या पाठीमागे, शिंपले मिटून.

शॅनन आत आली, मला बघितलं, माझं बोट बघितलं. मी म्हटलं, "मीच ना गं?"

तिने फ्रिजमधून बरणी काढली, हिरवं चमच्यात घेतलं, वाटीत खारं पाणी घालून पातळ केलं आणि वाटी माझ्यापुढे धरली.

"आजी, त्यांची वेळ झालीय. तू घाल."

"माझ्या हातून नको, बाय. माझ्या हातून नको आता."

"तुझ्याच हातून. तू बसवलेलं हिरवं आहे. डॅडीला मी सांगितलंय, बहारीनला नाही म्हणून. मला केळव्याच्या खाडीवर पण जायचंय, नवीन आईबाप आणायचेत, घरी ह्यांना कोण बघणार? मला माणूस पाहिजे."

मी चमचा घेतला. तिने माझा हात खालून धरला. मी ट्रेच्या कडेने सोडलं, हळू, बॉस्कोला ड्रॉपरने सोडायची तसं. पाणी थोडंसं हिरवट झालं. मग आम्ही बसून राहिलो. 

बऱ्याच वेळाने तिने एक थेंब भिंगाखाली घेतला आणि मला पुढे केलं. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग एक बाळ, काचेच्या बटणासारखं. त्याच्या आत मध्यभागी हिरवा ठिपका.

"जेवलं," मी म्हटलं.

"दुसरं बघ."

दुसऱ्याच्याही पोटात हिरवं. तिसऱ्याच्याही. मला एवढं हसू आलं, आणि त्याच वेळेला रडूही, नाक गळायला लागलं ते ट्रेपासून लांब धरायला लागलं. मी विचारलं, अजून एक चमचा घालू?

"नको आजी. फुटतील. दुपारी."

मग मी चमचा हातात धरूनच बसले.